माझ्या बाजूचा झरा

आमची विहीर आणि वहिनींची विहीर, दोघींचं वय सारखं, खोली सारखी, खणणारा म्हाताराही एकच. मध्ये कमरेइतक्या उंचीची कुंपणाची भिंत, बस. तरी फाल्गुन लागला की आमच्या विहिरीच्या तळाशी बेडूक पायी चालताना दिसायचे आणि वहिनींच्या विहिरीत भर जेठातही वाकून पाहिलं तर आभाळ दिसायचं. आता मला सांगा, यावर कोणाचं पोट दुखणार नाही? माझं तर दुखायचंच. लपवून काय करू, आता वय झालं, कोणाला भ्यायचं राहिलं नाही.

मी नागपूरकडची, लग्न होऊन जबलपूरला आलेली. आमचे हे फॅक्टरीत लेथवर होते. क्वार्टर मिळाला नव्हता, म्हणून टेकडीच्या पायथ्याशी प्लॉट घेऊन दोन खोल्या बांधल्या होत्या. त्या टेकडीवर माती कमी आणि हत्तीएवढाले दगडच जास्त. वहिनींचं घर आमच्या खालच्या अंगाला. नात्यागोत्याच्या नव्हत्या त्या, पण त्यांचे मिस्टर ह्यांच्याच फॅक्टरीत सीनियर, म्हणून वहिनी. माहेर भंडाऱ्याकडचं, तलावांच्या मुलखातलं. मुली लग्न होऊन गेल्या होत्या, घरात दोघंच. आणि दोन माणसांना एवढी मोठी भरलेली विहीर!

सडकेवरच्या नळाला तासभर पाणी यायचं, तेही भांडून. त्यामुळे उन्हाळ्यात अकरा घरच्या बाया वहिनींच्या विहिरीवर. बारावी मी. मी बादली घेऊन गेले की त्या म्हणायच्या, "घे गं, दोन काय, चार घे. पाणी काय माझ्या बापाचं आहे?" हे ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. एखादीने तोंड वाकडं करून दिलं असतं तर चाललं असतं, मीही तोंड वाकडं करून घेतलं असतं. पण ही बाई हसून द्यायची आणि वर विचारायची, सासूबाईंचे गुडघे कसे आहेत.

सासूबाईंचं तर काही विचारू नका. त्यांचा एक सिद्धान्त होता, विहीर मालकिणीवर जाते. ओट्यावर बसून तांदूळ निवडता निवडता म्हणायच्या, "आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार!" म्हणजे आड कोण आणि पोहरा कोण ते मला समजत नव्हतं असं थोडंच आहे. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि पाळणा हलला नव्हता.

मग हलायची चिन्हं दिसली. आषाढात मला दिवस राहिले. सासूबाईंनी बोटं मोजली आणि आनंदाच्या भरात एक गोष्ट बोलून गेल्या, ती माझ्या डोक्यात जाऊन बसली.

आमच्या सासरचे लोक पिढ्यान्‌पिढ्या ह्याच मुलखात राहिलेले. इथल्या लोकांचं कुआँ-पूजन त्यांनी कधीच आपलंसं केलं होतं. बाळ चाळीस दिवसांचं झालं की बाळंतीण डोक्यावर कलश घेऊन विहिरीवर जाते, बाया गाणी म्हणतात, ती काठाला हळदीकुंकू लावते आणि पदराआड आपल्या दुधाचे दोन थेंब विहिरीत सोडते. तुझं पाणी आटू नये तसं माझं दूध आटू नये, असं मागणं. सासूबाई म्हणाल्या, "ज्या विहिरीवर पुजलं तिचंच दूध लेकराला लागतं म्हणतात. मला मेलीला भाड्याच्या घरी दुसऱ्याच्या विहिरीवर पुजावं लागलं. तुझं तरी आपल्या दारात होईल."

मीही बोटं मोजली. बाळ चैत्रात, पूजन वैशाखात. वैशाखात आमच्या विहिरीत काय असतं? धूळ! म्हणजे मला कलश घेऊन, गाणी-बिणी वाजवत, अकरा घरच्या बायांसमोर वहिनींच्या विहिरीपुढे वाकावं लागणार. माझ्या लेकराला दूध तेही तिच्या मेहेरबानीचं! नाही म्हणजे नाही. मी त्याच दिवशी ठरवलं, काहीही होवो, वैशाखात माझ्या विहिरीत पाणी पाहिजे.

कसं, ते मला आधीच दिसलेलं होतं. आपलं ठेवावं झाकून आणि दुसऱ्याचं पाहावं वाकून, म्हणतात ना, तसं त्याच वर्षी उन्हाळ्यात वहिनींच्या विहिरीतला गाळ काढत होते तेव्हा मी वाकून पाहिलं होतं. विहिरीचा वरचा पुरुषभर भाग मुरमाचा, खाली सगळा काळा दगड. मुरूम संपतो आणि दगड लागतो त्या जोडावर, बरोब्बर आमच्या बाजूला, करंगळीएवढा झरा वाहत होता. आमच्या बाजूला! म्हणजे आमच्या अंगणाखालून जाऊन तिकडे पडत होता.

विहीर खणणारा म्हातारा तेव्हा काठावर बिडी ओढत बसला होता. मी त्याला विचारलं, "बाबा, हे पाणी येतं कुठून?" त्याने टेकडीकडे हात केला. टेकडीमागे एक ताल, म्हणजे तळं होतं, पावसाचं पाणी तिथे साचायचं आणि दगडांच्या भेगांत, मुरमात मुरायचं. काळ्या दगडाच्या खाली त्याला जाता येत नाही, म्हणून ते दगडाच्या पाठीवरून उताराने हळूहळू खाली येतं, वर्षभर. "पानी बैठत नइयाँ बाई, सरकत है," तो म्हणाला. म्हणजे पाणी बसून राहत नाही, सरकतं. आमच्या विहिरीशी ते थोडं थांबतं आणि पुढे सरकतं. आमच्या कुंपणाशी दोन मोठे खडक जमिनीतून वर आलेले होते, त्यांच्यामध्ये आठ-दहा हातांची जागा. सगळं पाणी त्या फटीतून खाली वहिनींकडे. म्हाताऱ्याने हाताच्या दोन मुठी जवळ धरून ती फट दाखवली आणि मी ती मनात धरून ठेवली.

मग हिवाळ्यात बांगलादेशची लढाई लागली. फॅक्टरीत ओव्हरटाइम सुरू झाला, हे चौदा-चौदा तास तिकडेच. खिडक्यांच्या काचांना आम्ही खाकी कागद चिकटवले. फॅक्ट्र्यांचं गाव, बॉम्ब पडला तर इथेच पडणार, असं जो तो म्हणायचा. आणि हुकूम झाला की प्रत्येक घराने अंगणात ट्रेंच खणायची, सायरन झाला की आत जाऊन बसायचं. म्हाताऱ्याला त्या आठवड्यात इतकी बोलावणी आली की त्याची कुदळ थंड झाली नसेल.

आमची ट्रेंच कुठे खणायची ते मी सांगितलं. दोन खडकांच्या मध्ये, कुंपणाला लागून.

हे म्हणाले, "इतक्या लांब काहून? सायरन वाजला तर तू हे पोट घेऊन धावशील तिथवर?"

"आणि घराजवळ खणली, घराचीच भिंत अंगावर पडली तर?" मी म्हटलं. त्यांना ओव्हरटाइमला जायचं होतं, ते "बरं" म्हणून गेले.

दुसऱ्यांच्या ट्रेंच कमरेइतक्या. मी म्हाताऱ्याला सांगितलं, दगड लागेपर्यंत खण. एका खडकापासून दुसऱ्या खडकापर्यंत, पुरुषभर खोल. दगड लागला आणि मुरमातून पाणी घामासारखं सुटायला लागलं. सकाळपर्यंत ट्रेंचमध्ये गुडघाभर पाणी. हे हसून हसून बेजार. "वा! बॉम्बपासून वाचू आणि बुडून मरू." देवाच्या दयेने दोन आठवड्यांतच लढाई संपली, आमच्यावर दोन्हींपैकी कशाचीच पाळी आली नाही.

पौषात सगळ्यांनी ट्रेंच बुजवल्या. ज्याने त्याने आपापला मुरूम परत लोटला. मी मात्र भाजीच्या वाफ्यासाठी म्हणून तालाकाठची काळी चिकणमाती बैलगाडीने आणवली. दोन गाड्या. मुरूम बाजूला ठेवला आणि ट्रेंचमध्ये ती माती थर लावून भरायला सुरुवात केली. आधी झिरपलेलं पाणी उपसायचं, मग वीतभर माती टाकायची, लागेल तसं पाणी शिंपडायचं, कुटायची. सहावा महिना सरत आला होता. सासूबाई दुपारी झोपायच्या तेवढाच माझा वेळ.

तिसऱ्या दिवशी वहिनींनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं. भिंतीशी आल्या. "काय करून राहिली गं? पोट सांभाळ."

"खड्डा बुजवते. पावसात खचायला नको," मी म्हटलं.

त्या बराच वेळ मातीकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "अच्छा." आत गेल्या, आणि त्यांच्याकडची माती चोपायची लाकडी धुमस आणून भिंतीवरून माझ्या हातात दिली. "पाट्याच्या वरवंट्याने काय कुटतेस? ही घे. आणि एकेक थर सुकू देऊ नको, ओल्यावर ओला टाक."

मी धुमस घेतली. मनात म्हटलं, किती ही भोळी, स्वतःच्या विहिरीचं नरडं दाबायला स्वतःच हत्यार देते! त्या दिवशी मला इतका आनंद झाला होता की सांगता येत नाही.

सातव्या महिन्यात डोहाळेजेवण केलं तेही वहिनींनीच. मला हिरवी साडी नेसवली, फुलांचे दागिने घातले. बायांनी चिंचा आणल्या, कैऱ्या अजून धरल्या नव्हत्या म्हणून आवळे आणले. मला काहीच खावंसं वाटेना. वहिनी शेजारी बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "खरं सांग, तुला कशाचे डोहाळे लागलेत?" मी म्हटलं, "कशाचेच नाही." त्या म्हणाल्या, "बरं," आणि माझ्या तोंडात श्रीखंडाचा घास घातला.

फाल्गुन आला. मी रोज सकाळी चूळ भरायच्या आधी विहिरीत डोकावायची. पाणी होतं! मागच्या वर्षी होळीला तळ दिसला होता, ह्या वर्षी दोन पुरुष पाणी उभं. अडलेलं पाणी मागे भरत येऊन माझ्या विहिरीत थांबलं होतं. आणि भिंतीपलीकडे वहिनींचा दोर दर आठवड्याला हातभर लांबत होता. रहाटाची करकर वाढत होती ती मी घरातून ऐकायची. खोटं कशाला बोलू, गाण्यासारखी वाटायची.

चैत्रात मुलगी झाली. ती आठ दिवसांची असताना वहिनी बादली घेऊन आमच्या दारात आल्या. पहिल्यांदा. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. मी खाटेवरूनच म्हटलं, "घ्या ना वहिनी, दोन काय, चार घ्या." त्यांचंच वाक्य, त्यांच्याच आवाजात. त्यांनी दोन घेतल्या आणि म्हणाल्या, "बस झालं."

पण मागोमाग अकराही घरं आली. दुसरीकडे कुठे जाणार होत्या त्या! पहाटेपासून दोर, बादल्यांचा खणखणाट, अंगणात चिखल, निजवलेली पोर उठायची. तीन दिवसांत मी म्हणायला लागले, "दोनच हं. बाळंतिणीचं घर आहे." पाचव्या दिवशी एकीशी भांडले. तिने जाता जाता ऐकवलं, "वहिनींच्या विहिरीवर असं कोणी मोजत नव्हतं." पाणी माझ्याकडे, तरी नाव तिचंच! माझी पोटदुखी कमी व्हायची ती वाढली. त्यात सासूबाई आल्यागेल्याला सांगत होत्या की नातीच्या पायगुणाने विहिरीला पाणी आलं. म्हणजे त्यातही मी कुठे नव्हतेच.

वहिनींचा मोगरा त्या वर्षी वाळला. दारातली पपई पिवळी पडली. त्या रोज दोन बादल्या न्यायच्या, कधी तिसरी नाही. मी भिंतीवरून पाहायची आणि नजर वळवायची.

वैशाखात पूजनाचा दिवस आला. ढोलक आली, बाया जमल्या. मी पिवळी साडी नेसून डोक्यावर कलश घेऊन माझ्या विहिरीवर गेले. माझ्या! पाणी काठोकाठ नव्हतं, पण वैशाखाच्या मानाने राजेशाही होतं. हळदीकुंकू लावलं, सातिया म्हणजे स्वस्तिक काढलं. मग थेंब सोडायची वेळ आली. कोणीतरी जाणती बाई पदर धरून आडोसा करते. सासूबाईंनी वहिनींना हाक मारली.

त्यांनी माझ्याभोवती शाल धरली. आत आम्ही दोघीच, बाहेर गाणं जोरात. मी ब्लाउजची बटणं काढत होते तेव्हा त्या अगदी कानाशी म्हणाल्या, "पाळ छान बांधलीस हो."

माझे हात तिथेच थांबले.

"माझा बाप गावी तलावाच्या पाळी बांधायचा," त्या म्हणाल्या. "काळी माती ओल्यावर ओली कुटतात ती पाणी अडवायला. खड्डा बुजवायला कोणी कुटतं का?"

"मग तुम्ही बोलल्या काहून नाही?" मी म्हटलं. "वरून धुमस दिली!"

"पोटुशी बाई होतीस. कोणाला चिंच हवीशी वाटते, कोणाला माती. तुला माझं पाणी हवंसं वाटलं. डोहाळा अडवू नये, पोरीचे कान फुटतात म्हणतात." त्यांनी शाल जरा वर ओढली. "लवकर कर, हात दुखून राहिले माझे."

दूध येईना. बाहेरून सासूबाईंचा आवाज, "झालं का गं?" तेवढ्यात कोणाच्या तरी मांडीवर माझी पोर रडली आणि आपोआप पान्हा सुटला. दोन नाही, चांगले दहा थेंब पडले. बायांनी गाणं उंच केलं.

तुम्हाला वाटेल मला रडू आलं, पश्चात्ताप झाला. छे! मला संताप आला. माझ्या चोरीलासुद्धा ही बाई हातभार लावते आणि मोठी होऊन बसते! पाच महिने मी समजत होते की मी हिचं पाणी पळवलं, आणि पाच महिने ते हिने दिलेलंच होतं. माझ्या लेकराला दूध शेवटी तिच्याच मेहेरबानीचं लागलं ते लागलंच. रात्रभर ह्यांच्या घोरण्याचाही मला राग येत राहिला.

सकाळी मी म्हाताऱ्याला बोलावणं धाडलं. हे म्हणाले, "पुन्हा ट्रेंच? लढाई तर संपली."

"तुमची संपली," मी म्हटलं.

म्हाताऱ्याने दोन खडकांच्या मध्ये कुदळ मारली. कुदळ वर उसळली. त्याने माती बोटांनी चाचपली, माझ्याकडे पाहिलं, भिंतीपलीकडे पाहिलं आणि नुसतंच "राम राम" म्हणाला. दोन दिवस लागले त्याला. दगडापर्यंत चर पाडला, त्यात गोटे भरले, वर मुरूम लोटला. चर पडताना वरच्या बाजूने अडलेलं पाणी भळकन आलं आणि गोट्यांमधून खाली दिसेनासं झालं. मी पोरीला खांद्याशी धरून उभी होते. धावत जाऊन हाताने अडवावंसं वाटलं.

मग मी वहिनींच्या विहिरीवर पाळत ठेवली. पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी काही नाही. मला वाटलं, गेलं, दोघींचंही गेलं, मधल्या मध्ये मातीच प्याली. तिसऱ्या दिवशी दुपारी पोरीला खांद्याशी धरून पलीकडे गेले आणि विहिरीत पाहिलं तर मुरूम आणि दगडाच्या जोडावर एक ओला डाग. पाहता पाहता त्याची धार झाली, करंगळीएवढी.

"आलं!" मी ओरडले. कोणाला ओरडले, काहून ओरडले, मला माहीत नाही.

वहिनी पदराला हात पुसत बाहेर आल्या. त्यांनी विहिरीत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. माझी विहीर तोवर तीन हात खाली गेली होती. त्याचं मला काही वाटलं नाही असं मी म्हणणार नाही. वाटलं, भरपूर वाटलं. आठ-पंधरा दिवसांत मी पुन्हा बादली घेऊन त्यांच्या दारात उभी राहणार होते, हे मला तिथे उभ्या उभ्या दिसत होतं.

वहिनींनी हात लांबवून पोरीच्या गालाला लावला आणि म्हणाल्या, "पुढच्या खेपेला डोहाळे लागले ना, तर बाई, चिंच माग."

आणि हसत सुटल्या. मलाही हसू आलं, आवरेना. पण घरात शिरता शिरता मनात आलंच, इतकं चांगलं बोलणं मला कधी सुचत नाही.